वाळूतला पूल मी का काढला

सुट्टीत गावी आलो की लोह्याच्या स्टँडवर कुणीतरी हटकायचंच. "काय सुभेदार, कोणती बॉर्डर सध्या?"

मी खरं तेच सांगायचो. "फळा."

समोरच्याचा चेहरा पडायचा. फौजी माणूस म्हटला की लोकांना बर्फ पाहिजे, खंदक पाहिजे, निदान एखादी गोळी तरी कानाजवळून गेलेली पाहिजे. माझ्या अंगावर खडूची पूड. चहा पाजायला निघालेला माणूस तिथल्या तिथं बेत बदलायचा.

म्हणून आधी माझं काम काय होतं ते सांगतो. माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही ते मी निवृत्त होईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

शिपाई भरती झाला की त्याचं शिक्षण संपत नाही, सुरू होतं. बाहीवर पुढची फीत हवी असेल तर फौजेच्या स्वतःच्या परीक्षा असतात. नकाशा वाचता यावा लागतो, अहवाल लिहिता यावा लागतो, देशाचा इतिहास-भूगोल ठाऊक असावा लागतो. हे शिकवायला फौजेत पदवीधर प्रशिक्षक असतात. त्यांतला मी एक. हवालदार म्हणून लागलो, सुभेदार होऊन बाहेर पडलो. बंदूक शिकवणाऱ्याला जवान 'उस्ताद' म्हणतात, आम्हाला 'मास्टरजी'. दोन्ही शब्द आदराचेच. फरक इतकाच, की मैदानात उस्ताद आला की जवान ताठ होतात आणि वर्गात मास्टरजी आला की बूट सैल करतात.

मी काही चुकून मास्तर झालो नव्हतो. आमच्या घरातली पहिली डिग्री माझी. बाप लोह्याच्या आडतीवर पोती उचलायचा, माय लोकांच्या रानात खुरपायला जायची. घरात भिंतीवर एकच तसबीर, आणि तिच्यातल्या माणसाच्या हातात पुस्तक. नांदेडला हॉस्टेलवर राहून इतिहास घेऊन बी.ए. केलं, लातुरात बी.एड. निकाल सांगायला गेलो तेव्हा बाप आडतीवरच होता. खांद्यावरचं पोतं खाली ठेवून म्हणाला, "आजवर आमाला ज्यानं त्यानं गप बस म्हणलं, आमी बसलो. तुला कुणी म्हणलं तर आधी इचार, का बसू?"

एवढं बोलला आणि पुन्हा पोतं उचललं. माझा पदवीदान समारंभ तोच. नोकरीभर मी वर्गात जे काही शिकवलं ते या एका वाक्याचंच भाषांतर होतं, आणि नोकरीभर भांडणंही त्याच वाक्यापायी झाली.

फौजेच्या शिक्षणात एक जुना वाद आहे. शिकवायचं काय? एक बाजू म्हणते, हत्यार शिकवा, यंत्र शिकवा, कवायत अंगात मुरवा. वाचन, इतिहास, वादविवाद हे कॉलेजवाल्यांचे चोचले. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं शिकवाच, पण त्याबरोबर माणसाला डोकंही वापरायला शिकवा. दुसऱ्या बाजूला गर्दी कमी असते. मी तिथं होतो.

हा वाद कागदावर कळत नाही, वाळूत कळतो. म्हणजे असं: फौजेत एखाद्या कामगिरीची आखणी शिकवायची असली की वाळूचं मॉडेल करतात. मोठ्या चौकटीत वाळू पसरायची, टेकड्या उभारायच्या, भुशाला नीळ लावून नदी करायची, हिरवा भुसा म्हणजे जंगल, काडेपेटीची घरं, सुतळीचा रेल्वे रूळ. भोवती सगळे उभे राहतात. मास्तर प्रसंग सांगतो: शत्रू इथं आहे, तुम्ही तिथं आहात, वेळ एवढा आहे. बोला, काय कराल? प्रत्येकजण छडी घेऊन आपली योजना सांगतो. शेवटी सरकारमान्य उत्तर वाटलं जातं. आमच्या वेळी ते गुलाबी कागदावर छापलेलं असायचं, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'गुलाबी' म्हणायचो.

आता गंमत पाहा. मॉडेल दर वर्षी तेच, प्रसंग तोच, म्हणून गुलाबीही तेच. मागच्या तुकडीतला माणूस जाताना पुढच्याला आपलं गुलाबी देऊन जायचा, थोरला भाऊ धाकट्याला शाळेचा सदरा देतो तसं. त्यामुळं प्रश्न ऐकायच्या आधीच सगळ्यांना उत्तर पाठ. मी खडू खाली ठेवायच्या आत हात वर.

एकदा मी आमच्या कर्नलसाहेबांना म्हणालो, साहेब, मॉडेल बदलू द्या, आणि आठवड्यातून एक तास नुसता वाचनाचा, वादाचा द्या. साहेब माणूस चांगला. हसून म्हणाले, "मास्टरजी, जवान को सोचना नहीं, करना है." आणि माझ्या आठवड्यातला आहे तोही एक तास फायरिंगच्या सरावाला गेला. मी सॅल्यूट ठोकला. फौजेत सॅल्यूट ठोकूनही माणूस असहमत राहू शकतो, ही सोय फार चांगली आहे.

ही झाली नोकरी. खरी लढाई मात्र निवृत्तीनंतर झाली, आणि तीही लातुरात.

लातुरात एक कॅप्टनसाहेब आहेत. उदगीरकडचे. शिपाई म्हणून लागले, सुभेदार मेजरपर्यंत चढले, निरोपाच्या वेळी मानाची कॅप्टनकी मिळाली. त्यांनी गावाबाहेर अकॅडमी काढली. भरतीच्या पोरांची तर ती होतीच, पण एक वर्ग वेगळा होता. फौजेत शिपाई म्हणून लागलेल्यालाही अधिकारी होता येतं. लेखी परीक्षा द्यायची, मग निवड मंडळापुढं पाच दिवस जायचं. त्यात मुलाखती असतात, मैदानावरच्या कसोट्या असतात, आणि एक कसोटी अशाच मॉडेलची असते. गटाला गोष्ट सांगतात, पाच-सहा संकटं एकदम कोसळतात, गटानं मिळून योजना करायची. नांदेड, लातूर, परभणीकडचे असे जवान सुट्टी काढून कॅप्टनसाहेबांकडं तयारीला यायचे. त्यांना शिकवायला साहेबांनी मला बोलावलं.

"काय ओ मास्टरजी, घरी बसून काय गवत उपटून राहिले का? या की इकडं."

गेलो. माणूस उमदा. पहाटे पोरांच्या पुढं पळायचा, मागं नाही. फक्त एक होतं. साहेब लातूरचे होते, आणि लातूरचा पॅटर्न साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सराव परीक्षा, नमुना उत्तर, पुन्हा सराव परीक्षा, पुन्हा नमुना उत्तर. मी त्या पॅटर्नची टिंगल करणार नाही. त्यानं गरिबाघरची पोरं डॉक्टर केलीत. पण साहेबांनी तोच पॅटर्न वाळूत आणला होता. अकॅडमीत एक मॉडेल कायमचं मांडलेलं: नदी, रस्त्याचा पूल, रेल्वे आणि तिचा वेगळा पूल, गाव, दवाखाना, पोलीस चौकी. त्यावरच्या चारही गोष्टींची उत्तरं पाठ करून घेतलेली. कुठलीही गोष्ट असो, दोघं ट्रॅक्टर घेऊन पुलावरून दवाखान्यात, दोघं चौकीवर, बाकीचे रुळाकडं. पोरं झोपेतही ट्रॅक्टर पुलावरून न्यायची.

मला दुपारचा एक तास मिळाला होता. त्यात मी माझं चालवलं. पेपरातली एक बातमी वाचायची आणि तिच्याविरुद्ध बोलायचं. इतिहासातली एखादी हरलेली लढाई घ्यायची आणि हरलेल्याच्या जागी उभं राहून विचार करायचा. आणि वाळूचा एक नियम केला: तोंड बंद, हात मागं, मॉडेलभोवती एक पूर्ण चक्कर. चक्कर झाल्याशिवाय छडीला हात लावायचा नाही. पोरं हसायची. "मास्टरजी, ही तर मारुतीची प्रदक्षिणा झाली." म्हटलं, असू द्या, पण देवळात तुम्ही डोळे मिटता, इथं उघडे ठेवा.

वर्गात नाईक हुद्द्याचे दोघं होते, त्यांच्यापुरतं सांगतो. एक देगलूरचा बालाजी. बोलायला फटाका, मराठी, हिंदी, तेलुगू सगळ्यांत एकाच वेगानं सुटायचा. दुसरा किनवटकडचा देवराव. जंगलातलं गाव, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेला, घरी गोंडी बोलणारा. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला पहिलाच, आणि फौजेत राहून, बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झालेला. मला त्याच्याविषयी जास्त वाटायचं का? वाटायचं. लपवत नाही. आडतीवरचं पोतं मला आठवत होतं.

दोघंही लेखी पास झालेले, दोघांनाही निवड मंडळाचं बोलावणं आलेलं. पण बालाजीच्या वयाला अजून जागा होती. देवरावची ही शेवटची संधी. या वेळी नाही तर पुढं वयात बसत नव्हता.

एका दुपारी बालाजी उठून उभा राहिला. "मास्टरजी, रागावू नका. आमाला पास व्हायचंय, शहाणं न्हाई. शहाणं मागून होऊ."

वर्ग हसला. मीही हसलो, कारण उत्तर चोख होतं. म्हटलं, "अधिकारी झाल्यावर तुझ्या हाताखाली शंभर जणं असतील. तू मागून शहाणा होईपर्यंत त्यांनी काय करायचं?"

"त्येवढ्यासाठीच तर सुभेदार देत्यात ना संगट," बालाजी म्हणाला.

हे त्यानं असं झेललं की मला त्याला बसच म्हणावं लागलं.

थोड्याच दिवसांत कॅप्टनसाहेबांनी जाहीर केलं, पुण्याहून एक निवृत्त ब्रिगेडियर येणार, वर्गाची तालीम पाहणार. अकॅडमीला रंगरंगोटी झाली. साहेब मला म्हणाले, "तुमचा तास जरा आवरा आता. साहेबांसमोर आपली पोरं फाडफाड बोलली पाहिजेत. ते हरलेल्या लढाया न् बिढाया नको. आता ड्रोनचा जमाना हाय मास्टरजी. इतिहास कोण इचारतो?"

"ड्रोनला सगळं दिसतं साहेब. बघायचं कुणी?"

"तुमी ना," साहेब म्हणाले, "बोलण्यात न्हाई ऐकायचे."

ब्रिगेडियर यायच्या दिवशी सकाळी पोरं मैदानावर होती. मॉडेलवर पाणी शिंपडायचं, भुसा सारखा करायचा, हे काम माझ्याकडं. मी नीट केलं. नदी निळीशार केली, जंगल हिरवं केलं. आणि रस्त्याचा पूल उचलून खिशात घातला. लाकडाचा छोटा पूल होता, सुताराकडून करून घेतलेला. त्याच्या जागी दोन्ही काठांना थोडी वाळू ढासळल्यासारखी केली. पूर येऊन पूल वाहून गेला तर जसं दिसेल तसं. गुपचूप नाही केलं, दार उघडं होतं. कुणी येऊन पाहिलं असतं तर दिसलं असतं. पाहिलं नाही, कारण आत काय आहे ते सगळ्यांना पाठ होतं.

ब्रिगेडियरसाहेब आले. उंच, कमी बोलणारे, मराठी अस्सल. खुर्ची नाकारून उभेच राहिले. गोष्ट कॅप्टनसाहेबांनीच सांगितली, पाठ केलेल्या चारांतली एक: तुम्ही सहलीला निघालेले विद्यार्थी, रूळ जोडणारी फिशप्लेट कुणीतरी काढलीय, गाडी यायची आहे, गावात एकाला साप चावलाय. मॉडेलकडं त्यांचं तोंड होतं, पण नजर पाहुण्यांवर.

पहिला गट पुढं आला. बालाजी छडी घेऊन सुरू झाला. "सर, आमच्यातले दोघं साप चावलेल्या इसमाला ट्रॅक्टरवर घेतील आणि या पुलावरून..." छडी बरोबर निळ्या भुशात टेकली. "...या पुलावरून नदी ओलांडून दवाखान्यात पोचतील." छडी निघाली तेव्हा टोकाला नीळ होती. गटातल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. ट्रॅक्टर, ड्रायव्हर आणि साप चावलेला इसम, तिघंही नदीच्या मधोमध होते.

दुसरा गट आला. त्यांनीही ट्रॅक्टर नदीत घातला, पण जरा जोरात, कारण त्यांनी वेळ वाचवला होता.

 कॅप्टनसाहेबांच्या कानशिलांवरून घाम निघाला. त्यांच्या आता ध्यानात आलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मॉडेलकडं पाहत होतो.

तिसऱ्या गटात देवराव. छडी त्याच्या हातात दिली तर त्यानं ती बाजूला ठेवली. हात मागं घेतले आणि चक्कर सुरू केली. बूट वाजत होते तेवढाच आवाज. तुटल्या काठाशी थांबला, वाकला. बालाजी मागून पुटपुटला, "अरे बाबा, बोल ना लौकर."

देवराव सरळ झाला. "सर, इथं पूल होता. आता न्हाई."

"मग?" ब्रिगेडियर म्हणाले. तासाभरातला त्यांचा पहिला शब्द.

"मग सर... इचार करून राहिलो."

 देवराव नदीकडं पाहतोय, ओठ हलताहेत, घड्याळ चाललंय. नदी ओलांडायला उतार कुठं मिळेल, रेल्वेच्या पुलावरून माणूस पायी नेता येईल का, गाडी यायच्या आत जमेल का, हे त्याच्या तोंडावर मला वाचता येत होतं. पण तोंडातून बाहेर येईना. वेळ संपली. कॅप्टनसाहेबांनी घंटी वाजवली तेव्हा देवराव नुकतं म्हणत होता, "सर, रेल्वेच्या पुलावरून चौघं खाट उचलून..." आणि ते तिथंच राहिलं.

चहाच्या वेळी ब्रिगेडियरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. खोटं कशाला बोलू, पाठ पुढं केलीच होती.

"सुभेदारसाहेब, पूल तुम्ही काढलात?"

"होय साहेब."

"चांगलं केलंत. पण तुमच्या माणसानं शंका काढली, उत्तर दिलं नाही. बाकीच्यांनी चुकीचं का होईना, वेळेत दिलं. लढाईत चुकीचा हुकूम सुधारता येतो. न दिलेला नाही."

"साहेब, नदीत गेलेला ट्रॅक्टरही सुधारता येत नाही. याला बघायला शिकवलंय. आता पटकन ठरवायलाही शिकवतो. थोडा वेळ पाहिजे."

"लढाईत वेळ कोण देतं?"

"म्हणून तर शांततेत मागतोय, साहेब."

त्यांनी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मागत राहा." आणि गेले. ती शाबासकी होती की निरोप, मला आजही ठरवता आलेलं नाही. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, ते मी मानतो. मी कवायतीचा वैरी नाही. बूट बांधताना विचार करत बसणारा जवान मलाही नको. माझं म्हणणं एवढंच, की कवायत पायांना शिकवा, डोळ्यांना नको.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि कॅप्टनसाहेब फुटले. "माझ्या दारात, माझ्या पाहुण्यासमोर, मास्टरजी? काय मिळालं तुमाला?"

"पोरांना कळलं साहेब, की पाठ केलेला पूल वाहून जातो."

"पोरांना काय कळलं ते सांगू? की आपला मास्तर दगा देतो!"

"परीक्षेला बसल्यावर निवड मंडळ त्यांना आधी विचारून पूल ठेवणार हाय का?"

"तिथं गोष्टी ठरलेल्या असत्यात. माझी पोरं त्याच करून पास व्हत्यात. दर खेपेला व्हत्यात. तुमचा इतिहास घेऊन कितीक झाले, सांगा बरं?"

मी खिशातला पूल चाचपला. "उद्यापासून दुपारचा तास ग्राउंडला," साहेब म्हणाले. मी खिशातला पूल काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नांदेडची गाडी धरली; निवृत्तीनंतर घर तिथंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवरावचा फोन. "मास्टरजी, कुठं शिकवून राहिले तुमी आता?"

"घरी. का?"

"मी येतो."

मी त्याला नीट समजावलं. म्हटलं, देवराव, तुझी शेवटची खेप आहे. साहेबांची पोरं पास होतात, हे खरं आहे. लातुरात राहा, पाठ कर, पास हो. माझं भांडण आहे, तुझं नाही.

तो म्हणाला, "आश्रमशाळेत सर फळ्यावर उत्तर लिहायचे, आमी उतरवायचो. प्रश्न तर कुणी लिहीतच नव्हतं मास्टरजी. मला गोंडी येत व्हती, त्याहिला मराठी, तवा इचारता बी येत नव्हतं. आता येऊन राहिलं तर सोडू का?"

हे म्हणजे आडतीवर बाप बोलून गेला होता ते.

आमच्या वस्तीतल्या विहाराला मागं पत्र्याची शेड आहे. समितीला विचारलं, वाळूची चौकट मांडू का? अध्यक्ष म्हणाले, "मांडा की. पुस्तकाचंच काम हाय." देवराव आपल्या मेव्हण्याकडं उतरला आणि उरलेली सुट्टी आम्ही तिथं काढली. रोज मी मॉडेल मोडायचो, नवं करायचो. कधी दवाखान्याला कुलूप, कधी ट्रॅक्टरला डिझेल नाही, कधी पूल दोन. चक्कर तीच, पण आता झपाझप, आणि चक्कर संपली की लगेच बोलायचं. ब्रिगेडियरांचं म्हणणं मी कानामागं टाकलं नव्हतं. सुट्टी संपत आली तेव्हा देवराव चालता चालता ठरवायला लागला होता. विहारात वंदनेला आलेल्या बायका थांबून पाहायच्या. एक आजी म्हणाली, "एवढं मोठं माणूस, वाळूत खेळून राहिलं." देवराव म्हणाला, "आजी, परीक्षा हाय." आजी म्हणाली, "मग जप, भिजशील." नदीकडं बोट दाखवून!

तो गेला. पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी फोन आला नाही, तेव्हाच कळलं.

निवड झाली नव्हती. निवड मंडळ कारण सांगत नाही. देवरावनं एवढंच सांगितलं, की गटातले सगळे एकाच योजनेवर धावत सुटले, त्यानं म्हटलं या वेळेत पोचणं जमत नाही, कुणी ऐकलं नाही, पण त्यानं आपलं म्हणणं सोडलं नाही. ते त्याच्या बाजूनं मोजलं गेलं की विरुद्ध, की त्याचा संबंधच नव्हता आणि तो मुलाखतीतच मागं पडला, कुणाला ठाऊक? मला नाही. त्यालाही नाही.

बालाजीची निवड झाली. पेढे घेऊन नांदेडला घरी आला, पाया पडला. "मास्टरजी, तुमची चक्कर मी बी मारली तिथं. अर्धीच मारली, पण मारली." पेढा गोड होता. मी दोन खाल्ले. पोराचा मला अभिमानच आहे, आणि तो नदीत ट्रॅक्टर घालणार नाही असं मी धरून चाललोय.

कॅप्टनसाहेबांचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले. "मास्टरजी, लातुरात ऱ्हायला असता तर साहेब झाला असता तो. तुमच्या हट्टापायी जंगलातलं पोरगं जंगलातच ऱ्हायलं."

ते वाक्य मला बरेच दिवस पुरलं. देवरावसाठी मला वाईट वाटतं, आजही वाटतं. त्याच्या खांद्यावर तारा पाहायचा होता मला. त्याच्या गावात तो दिवस पाहायचा होता. पण जे केलं ते चुकलं का? नाही. ठणकावून सांगतो, नाही. आणि साहेबांच्या वाक्यातलं 'जंगलातलं पोरगं' मला मान्य नाही. जंगलातल्या पोरानं पाठ करावं आणि वर जावं, प्रश्न विचारणं शहरातल्यांनी करावं, ही वाटणी मला ठाऊक आहे. आमच्या बापजाद्यांना तीच वाटणी मिळाली होती, फक्त त्यात वर जाणंही नव्हतं. गरिबाच्या पोराला आधी पास होऊ द्या, विचार मागून, असं जो म्हणतो त्याला मी विचारतो, मागून म्हणजे कधी? खांद्यावर तारा चढल्यावर तर त्याला कुणी चूक सांगायलाही धजत नाही.

विहारामागची चौकट मी मोडली नाही. सुट्टीवर आलेले जवान येतात. फार नाहीत. लातूरला जाणारे जास्त आहेत आणि त्यांतले पास होणारेही जास्त आहेत. गावी गेलो की लोह्याच्या स्टँडवर आता विचारतात, "सुभेदार, सध्या काय?" मी सांगतो, "वाळू." चेहरा अजून तसाच पडतो.

देवराव पलटणीत परत गेला. हवालदार झाला. मग त्याच्या पलटणीत नाईक-लान्सनाईकांना बढतीसाठी तयार करण्याचा वर्ग लागला आणि प्रशिक्षक म्हणून त्याला उभं केलं. गेल्या महिन्यात जेवायला बसलो होतो, फोन वाजला.

"मास्टरजी, जय भीम. जेवले का?"

"जेवतोय. बोल."

"आज पूल काढला."

घास हातातच राहिला. "मग?"

"सगळे नदीत. एक न्हाई वाचला."

"आणि साहेब?"

"लई भडकले. म्हणले, हवालदार, मॉडेल हाय तसंच ऱ्हायलं पाहिजे, उद्या सकाळपर्यंत पूल जागेवर पाहिजे."

"मग, ठेवणार?"

"ठेवतो ना. हुकूम हाय."  मागं कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती, पलटणीच्या लंगरात जेवणाची वेळ असावी. "पूल ठेवतो मास्टरजी. नदी हलवतो."